माती वगळता येते, ऊन वगळता येत नाही

हायड्रोपोनिक्सच्या जाहिरातीत दोन दावे जोडीने येतात. पिकाला माती लागत नाही, हा पहिला. म्हणून शेती आता कुठेही करता येईल, गोदामात, तळघरात, फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, हा दुसरा. पहिला दावा खरा आहे आणि तो सिद्ध होऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली. दुसरा मात्र पहिल्यातून निघत नाही. माती काढून टाकणं आणि पीक छताखाली, भिंतींच्या आत नेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा खर्च वेगळा, फायदे वेगळे आणि मर्यादाही वेगळ्या. दोन्हींची मोळी बांधून विकली जाते तेव्हा पहिल्या गोष्टीची पुण्याई दुसरीच्या खात्यावर जमा होते. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात जो पैसा बुडाला, तो बहुतांशी या घोळामुळे बुडाला असं माझं मत आहे. महाराष्ट्रात शहरी गच्चीपासून दुष्काळी गोठ्यापर्यंत या तंत्राची चर्चा असल्यामुळे ही मोळी सोडून पाहणं गरजेचं झालं आहे.

मातीची गरज नेमकी किती, हा प्रश्न जुना आहे. फ्लँडर्समधल्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंटने दोनशे पौंड सुकवलेल्या मातीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांवर गेलं, माती जेमतेम दोन औंसांनी घटली. झाड पाण्यातूनच घडतं, असा निष्कर्ष त्याने काढला. 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हे लिखाण छापलं गेलं. निष्कर्ष चुकीचा होता, कारण झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं याची त्याला कल्पना नव्हती. पण झाडाचा भार मातीतून येत नाही एवढं त्याच्या तराजूने दाखवून दिलं. 1699 मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने वेगवेगळ्या ठिकाणच्या पाण्यात पुदिन्याच्या जातीची रोपं वाढवली, तेव्हा शुद्ध पाण्यापेक्षा गढूळ पाण्यातली जास्त फोफावली. म्हणजे मातीतून झाडाला काहीतरी मिळतं, अगदी थोडं, पण त्यावाचून चालत नाही. हे 'काहीतरी' काय, त्याची यादी 1860 च्या सुमारास जर्मनीत युलियस फॉन झाख्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी क्षारांची द्रावणं करून जवळपास लावली. आज ती 17 मूलद्रव्यांवर थांबली आहे. त्यातली कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवापाण्यातून येतात, उरलेली 14 मुळांवाटे. ही 14 पाण्यात योग्य प्रमाणात विरघळवून दिली तर मातीचा कण नसतानाही झाड बी धरेपर्यंत वाढतं. विज्ञानाच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला होता.

बाजाराच्या दृष्टीने तो सुरू झाला 1929 नंतर. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या विल्यम गेरिकेने प्रयोगशाळेतलं हे तंत्र शेतमाल पिकवायला वापरता येईल असं मांडलं, पाण्याच्या टाक्यांवर पंचवीस फुटी टोमॅटोचे वेल चढवून दाखवले आणि वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतलं. 1937 मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द रूढ झाला तोही त्याच्यामुळेच. त्याच विद्यापीठाच्या डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी मग हे दावे तपासले आणि 1938 मध्ये एक पत्रिका काढली. होगलंडचं द्रावण आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात, ते या पत्रिकेमुळे. तिचा मुख्य निष्कर्ष मात्र फारसा कुणी सांगत नाही. चांगल्या मातीतलं पीक आणि द्रावणातलं पीक यांना सारखंच ऊन, सारखीच हवा आणि तितकीच काळजी मिळाली तर उत्पन्नात मूलभूत फरक पडत नाही, असं त्या दोघांना आढळलं. उत्पन्नाची कमाल मर्यादा प्रकाश आणि हवामान ठरवतं. माती खराब असेल किंवा नसेलच, तर द्रावण उपयोगी; माती उत्तम असेल तर द्रावण काही चमत्कार करत नाही. माझ्या मते या विषयावरचं सर्वांत समंजस विधान 1938 मध्येच करून झालं होतं.

त्यानंतरची यशस्वी उदाहरणं पाहिली तर ती या विधानाबाहेर जात नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने असेन्शनसारख्या खडकाळ बेटावर भाजी पिकवली, कारण तिथे शेतीजोगी माती नव्हती आणि ऊन मुबलक होतं. आपल्याकडे 1946 पासून जेम्स शोल्टो डग्लसने कालिम्पाँगला प्रयोग केले आणि 1951 मध्ये त्यावर 'बंगाल पद्धती' नावाने पुस्तक लिहिलं. वाळू-खडीचे उथळ हौद, वरून हाताने टाकायची सुकी खतं आणि झारीने पाणी, इतकाच पसारा. पंप नाही, वीज नाही, आणि सगळं उघड्यावर. आजच्या भारतीय माहितीपत्रकांत दुबई आणि नेदरलँड्स भेटतात, कालिम्पाँग भेटत नाही. स्वस्त गोष्टीची जाहिरात करायला कुणाला परवडतं म्हणा!

माती काढली म्हणजे तिचं काम संपत नाही, ते दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा देते, खत जास्त झालं तर काही काळ सांभाळून घेते, आम्लतेतले चढउतार पचवते आणि उन्हाळ्यात मुळं थंड ठेवते. द्रावणात यातलं प्रत्येक काम यंत्राला किंवा माणसाला करावं लागतं. सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान राखला नाही तर लोह द्रावणात असूनही झाडाला मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेटची खतं दाट स्वरूपात एकत्र केली की साका तळाला बसतो, म्हणून दोन टाक्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. बोअरचं पाणी जड असेल तर आधी ते आरओतून काढावं लागतं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, तीस अंशांना साडेसात. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी याहूनही तापतं, आणि ऊबदार, गुदमरलेल्या मुळांवर पिथियम बुरशी टपलेलीच असते. शिवाय द्रावण फिरतं असल्याने एका रोपाची बुरशी सगळ्या रोपांपर्यंत पोचते. पन्हळीतून द्रावणाचा पातळ थर वाहता ठेवायची पद्धत इंग्लंडमध्ये ॲलन कूपरने विकसित केली, आणि आपल्याकडे पांढऱ्या पाइपांच्या रांगा दिसतात त्या तिच्याच. वीज क्वचितच जाते अशा देशात ती उत्तम चालते. जिथे भारनियमन आहे तिथे उन्हाळ्यात पंप काही तास बंद पडला तरी पीक माना टाकतं. कोकोपीटने भरलेल्या कुंडीत हा धोका बराच कमी असतो, कारण पाणी धरण्याचं मातीचं काम काथ्याचा भुसा करतो. महाराष्ट्रात पाइपांच्या रांगांना जो मान मिळतो तो खरं तर या भुशाला मिळायला हवा.

इथपर्यंतच्या अडचणी कौशल्याने आणि थोड्या पैशाने सुटतात. प्रकाशाची अडचण तशी सुटत नाही, आणि ती कळतही नाही, कारण डोळा फसवतो. दिवाणखान्यात दिवा लावला की आपल्याला लख्ख वाटतं. तिथे साधारण तीनशे लक्स प्रकाश असतो. दुपारच्या उन्हात तो लाखाच्या घरात असतो. डोळा उजेडाशी जुळवून घेऊन हा फरक लपवतो, पानाला तशी सोय नाही. वनस्पती प्रकाशकण मोजते. लेट्यूससारख्या सौम्य पिकालाही दिवसाला चौरस मीटरमागे 12 ते 17 मोल प्रकाशकण लागतात. तीनशे लक्सचा दिवा बारा तास चालला तर पाव मोलही भरत नाही. उलट पुण्यासारख्या ठिकाणी उघड्या गच्चीवर वर्षाच्या सरासरीने दिवसाला चाळीस मोलांच्या आसपास प्रकाश फुकट पडतो. म्हणजे खोलीतली रोपं लांबोडी, फिकट आणि लुळी होतात तेव्हा दोष द्रावणाचा नसतो. खत वाढवून हा रोग बरा होत नाही, बळावतो.

मग ग्रो लाइट लावायचे. त्यांचं गणित कागदावर सहज मांडता येतं. चांगला एलईडी एका ज्यूलमागे तीन मायक्रोमोल प्रकाशकण देतो. ढोबळमानाने एका मोलमागे झाड एक ग्रॅम कोरडा भार बांधतं, तेही सगळं नीट जमलं तर. एक किलो लेट्यूसमध्ये कोरडा भार पन्नास ग्रॅम, बाकी पाणी. म्हणजे दिव्यांनाच साडेचार-पाच युनिट वीज हवी. वाया जाणारा प्रकाश आणि वातानुकूलन धरलं की हा आकडा सहज दुप्पट होतो. युनिटला आठ रुपये धरले तर किलोमागे ऐंशी रुपये फक्त विजेचे. हॉटेलांना लागणाऱ्या लेट्यूसला ते कदाचित सोसवेल, पालकाच्या जुडीला सोसवणार नाही. आता गहू घ्या. एक किलो दाण्यासाठी काडासकट दोन किलोंहून अधिक कोरडा भार बांधावा लागतो, म्हणजे दोन हजार मोल, म्हणजे जवळपास 185 युनिट. चौदाशे-पंधराशे रुपये विजेचे, किलोभर गव्हाला. 2020 मध्ये अमेरिकी विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एका अभ्यासगटाने दाखवलं, की दहा मजली बंदिस्त शेतात हेक्टरी 700 ते 1,940 टन गहू वर्षाला निघू शकेल. आकडा डोळे दिपवणारा होता. सध्याच्या बाजारभावात हे परवडण्याची शक्यता कमी, असंही त्याच लेखकांनी तिथेच लिहिलं होतं. बंदिस्त शेतं लेट्यूस, बेसिल आणि मायक्रोग्रीन्सच का पिकवतात याचं उत्तर इथे आहे. ज्या मालात पाणी सर्वांत जास्त आणि अन्न सर्वांत कमी, तोच दिव्याखाली परवडतो. असं तंत्र जगाची भूक कशी भागवणार, हे त्याच्या प्रचारकांनीच सांगावं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सौर पॅनेल लावा. पॅनेल उन्हाचा साधारण पाचवा भाग विजेत बदलतं, त्यातही वाटेत गळती होते. पुण्यात एक चौरस मीटर पॅनेलपासून दिवसाला पाऊण-एक युनिट मिळतं. ते एलईडीला दिलं तर आठ-दहा मोल प्रकाश परत येतो. ज्या जागेवर चाळीस मोल पडत होते तिथून आपण दहा मिळवले. लेट्यूसच्या एका चौरस मीटर ट्रेला नुसत्या दिव्यांसाठी दीड-दोन चौरस मीटर पॅनेल हवं, आणि दहा मजली मांडणीला तिच्या पायाच्या पंधरा-वीस पट. जागा वाचवायला निघालेल्या शेताने तीच जागा दुसरीकडे, पॅनेलखाली खाल्ली. दिवे सुधारतील, हेही खरं, पण त्याला भौतिकशास्त्राची भिंत आहे: तांबड्या प्रकाशाला एका ज्यूलमागे साडेपाच मायक्रोमोलच्या वर जाताच येत नाही. आजच्या दिव्यांपेक्षा दुपटीने चांगला दिवासुद्धा अशक्य आहे. मोबाइल आणि संगणकासारखी ही किंमत दरवर्षी कोसळत जाईल, ही आशा त्यामुळे फोल ठरते.

कंपन्यांचा अनुभव याला धरूनच आहे. डिक्सन डेस्पॉमिए या कोलंबिया विद्यापीठाच्या प्राध्यापकाने 1999 पासून उभ्या शेतीची कल्पना मांडली, 2010 मध्ये पुस्तक लिहिलं, आणि पुढच्या दशकात प्रचंड भांडवल आलं. 2023 मध्ये न्यू जर्सीच्या एअरोफार्म्सने दिवाळखोरी संरक्षण मागितलं, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये बॉवरी बंद पडली, 2025 च्या मार्चमध्ये प्लेंटीनेही दिवाळखोरी संरक्षण मागितलं. यात व्याजदर वाढले, युक्रेन युद्धाने वीज महागली, व्यवस्थापनं चुकली, हे आक्षेप रास्त आहेत. पण याच काळात मातीविना शेती करणारं दुसरं, कितीतरी मोठं क्षेत्र टिकून राहिलं. नेदरलँड्समधले टोमॅटोवाले रॉकवूल या खनिज तंतूंच्या माध्यमावर चौरस मीटरला वर्षाकाठी पन्नास किलोंच्या पुढे माल काढतात. त्यांचं छत काचेचं आहे आणि प्रकाश मुख्यतः सूर्याचा. 2022 मध्ये गॅस महागला तेव्हा तिथल्या अनेकांनी पूरक दिवे बंद केले, लागवड पुढे ढकलली, उत्पन्न घटवलं आणि निभावून नेलं. ज्याच्याकडे दिव्याखेरीज काहीच नव्हतं त्याला हा पर्याय नव्हता.

पाण्याची बचत हा मात्र मातीविना शेतीचा खरा, भक्कम गुण आहे. ॲरिझोनातल्या युमासाठी 2015 मध्ये केलेल्या एका तुलनेत किलोभर लेट्यूसला शेतात 250 लिटर पाणी लागतं आणि हायड्रोपोनिक हरितगृहात 20, असा अंदाज निघाला. उत्पन्न चौरस मीटरला 3.9 वरून 41 किलोंवर गेलं. हे दोन आकडे सगळीकडे छापले जातात. त्याच तक्त्यातला तिसरा आकडा गळतो: ऊर्जा किलोला 1,100 किलोज्यूलवरून 90,000 वर, म्हणजे सुमारे ऐंशी पट. त्यातला मोठा वाटा हरितगृह तापवण्या-थंड करण्याचा होता. पाण्याच्या आकड्यालाही अटी आहेत. आरओ बरंच पाणी नाकारून बाहेर सोडतं, आणि कोरड्या उन्हाळ्यात पंखा-पॅडची शीतयंत्रणा जवळपास पिकाइतकं पाणी हवेत उडवू शकते. वाचलेलं पाणी मोजताना हेही त्याच वहीत लिहायला हवं.

उलट बाजूचे आक्षेप मला तितके वजनदार वाटत नाहीत. मातीविना भाजी 'रासायनिक' असते, असं म्हणतात. पण झाडाचं मूळ शेणखतातलं नत्रही शेवटी बहुतांशी नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपातच घेतं. चव आणि जीवनसत्त्वं माध्यमापेक्षा वाण, प्रकाश आणि काढणीची वेळ यांवर अधिक अवलंबून असतात. एक गोष्ट खरी: प्रकाश कमी पडला की पालेभाजीत नायट्रेट साठतं. युरोपीय संघाच्या नियमांत छताखालच्या आणि हिवाळी लेट्यूसला उघड्यावरच्या किंवा उन्हाळीपेक्षा जास्त नायट्रेटची मुभा आहे, ती यामुळेच. पुन्हा दोष प्रकाशाकडे जातो, पाण्याकडे नाही. सेंद्रिय प्रमाणपत्राचा वाद यापेक्षा निराळा आहे. युरोप मातीशिवाय 'सेंद्रिय' मानत नाही, अमेरिका मानते, आणि यात युरोपची बाजू मला पटते. सेंद्रिय शेतीचा अर्थच माती जोपासणं असेल तर तिथे द्रावणाला जागा नाही. त्याने द्रावणातली भाजी वाईट ठरत नाही, तिला फक्त वेगळं लेबल लागतं.

हायड्रोपोनिक चाऱ्याचं प्रकरण आपल्याकडे जास्त गंभीर आहे, कारण त्यात गरजू शेतकऱ्याचा पैसा जातो. भिजवलेला मका ट्रेत पसरायचा, पाण्याचे फवारे द्यायचे, सात-आठ दिवसांत हिरवी गादी तयार. गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्राने यावर बरंच काम केलं आणि दुष्काळी वर्षांत महाराष्ट्रातही त्याचा प्रचार झाला. किलोभर मक्याचा पाच-सहा किलो चारा होतो, हे खरं आहे. पण तो वाढतो कशावर? नवरात्रात देव्हाऱ्याजवळच्या अंधारात घटातलं धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढतं, पिवळं, नाजूक. ते दाण्यातल्या पुंजीवर वाढतं, मातीवर नाही आणि प्रकाशावर तर नाहीच. चाऱ्याचंही तसंच. किलोभर मक्यात सुमारे नऊशे ग्रॅम कोरडा भार असतो. साडेपाच किलो चाऱ्यात तो पंधरा टक्के धरला तर सव्वाआठशे ग्रॅम. दाणा रुजताना श्वसनात थोडा खर्च होतो आणि बाकी भर पाण्याची असते. पचन सुधारतं, काही जीवनसत्त्वं वाढतात, जनावर आवडीने खातं, हे फायदे नाकारायचं कारण नाही. पण चाऱ्याचा दुष्काळ यातून मिटत नाही. वैरणीची टंचाई भरून काढायला कडबा आणि मुरघासच लागतो, आणि ते उन्हात वाढलेल्या पिकाचे होतात.

मग महाराष्ट्रात मातीविना शेतीला खरी जागा कुठे? जिथे माती बिघडली आहे आणि ऊन शाबूत आहे तिथे. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात अति पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी आहेत. वर्षानुवर्षं एकच पीक घेतलेल्या पॉलिहाऊसमध्ये सूत्रकृमी आणि मर रोगाने गादीवाफे निकामी होतात. जरबेरावाल्यांनी कुंडीत कोकोपीटची वाट धरली ती यातूनच. काथ्याचा भुसा देशातच मिळतो, पॉलिहाऊसच्या शेतकऱ्याला विद्राव्य खतं आणि ठिबक नवीन नाहीत, आणि छत पारदर्शक असल्याने दिव्याचं बिल येत नाही. भुसा आधी धुऊन, कॅल्शियम नायट्रेटने त्यातलं सोडियम-पोटॅशियम काढून घ्यावं लागतं, इतकीच मेख. एरवी हिवाळ्यात पुणे-नाशिककडे साध्या शेडनेटखाली लेट्यूस, बेसिल उत्तम येतं. उन्हाळ्यात तेच पीक घ्यायचं तर द्रावण थंड करणं भाग आहे, आणि तेही सगळी खोली दिव्यांनी उजळण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

घरच्या हौसेलाही हीच कसोटी. ज्या खिडकीत तीन-चार तास थेट ऊन येतं तिथे पुदिना, बेसिल, लेट्यूस पाण्यावर छान होतं. पंपही नको: हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकीने मांडलेल्या पद्धतीत झाकणबंद डबा द्रावणाने भरून ठेवतात, पातळी उतरत जाते तशी वरची मुळं हवेत मोकळी होतात, आणि लेट्यूस काढणीला येईपर्यंत डब्याला हात लावावा लागत नाही. ऊन नसलेल्या स्वयंपाकघरात टाइमर, दिवे आणि ॲपसकट विकत घेतलेलं यंत्र ही शोभेची वस्तू आहे. कुणाला मासे पाळायची हौस असते, कुणाला ही; त्यात भाजीच्या खर्चाची बचत शोधू नये.

बंद खोली आणि कृत्रिम प्रकाश यांचा हिशेब जिथे जुळतो अशी ठिकाणंही आहेत, आणि ती ओळखायला सोपी आहेत. अंटार्क्टिकात पर्यायच नसतो. तिथल्या नॉयमायर तळावर 2018 मध्ये जर्मन अवकाश संस्थेने साडेबारा चौरस मीटरमध्ये सुमारे 270 किलो भाजी काढली, आणि तिची तुलना मंडईशी कुणी करत नाही. दुसरं ठिकाण म्हणजे लागवडीचा माल. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने मुळांवर द्रावणाचं धुकं सोडून रोगमुक्त बियाण्याचे छोटे बटाटे काढायची पद्धत बसवली. एका रोपापासून नेहमीच्या कित्येक पट बियाणं मिळतं. जळगावच्या उतिसंवर्धित केळीची रोपं आयुष्याचे पहिले महिने बाटलीत, मातीविना, दिव्याखाली काढतात. हा महाराष्ट्रातला सर्वांत यशस्वी बंदिस्त, मातीविना उद्योग, फक्त त्याला हायड्रोपोनिक्स म्हणायची कुणाला सवय नाही. तिथे विजेचा खर्च पेलतो, कारण विकायचा असतो तो काही ग्रॅमचा कोंब. पुढचा घड बांधायला लागणारा सगळा प्रकाश शेतकऱ्याच्या बागेत सूर्य पुरवतो. मातीविना शेतीसाठीच्या अनुदानाच्या अर्जात एकच रकाना वाढवायचा झाला, तर या शेताला प्रकाश कुठून मिळणार, एवढं विचारावं आणि उत्तर 'दिवे' असेल तर माल कोणता ते पाहावं.